हळद्या बंब रविवारी कुठं गेला होता

१

एप्रिलमध्ये अंगण ओलं दिसलं तर नागपूरचा माणूस आभाळाकडे पाहत नाही, शेजाऱ्याच्या गच्चीवरच्या टाकीकडे पाहतो. त्या सोमवारी सकाळी कामिनीबाईंच्या सातऱ्यावर कामाला आलेल्या बायकांनीही तेच केलं. टाकी जागेवर होती, आभाळ तव्यासारखं कोरडं होतं आणि अंगणातला मिरचीचा ढीग मात्र नुकतीच आंघोळ करून बसल्यासारखा चिंब होता. कामिनीबाईंची पांढरी शेळी त्या पाण्यातून फेरफटका मारून आली होती. गुडघ्यापर्यंत गुलाबी मोजे घातल्यासारखी ती दाराशी उभी होती आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं रवंथ करत होती.

सातरा म्हणजे मिरची निवडायची जागा. भिवापूरकडून तिथली नामांकित वाळलेली मिरची येते, बायका ओळीनं बसून देठं खुडतात आणि निवडलेला माल कळमन्याच्या बाजारात जातो. पारडीच्या टोकाला असलेला हा सातरा कामिनीबाईंनी नवरा गेल्यावर स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता. त्या ढिगात त्यांचा अख्खा हंगाम होता. अशी भिजलेली मिरची काळी पडते आणि मग तिला उकिरडासुद्धा नाक मुरडतो.

चिखलात रुंद चाकांचे ठसे होते आणि फाटकाच्या खांबावर हळदी रंगाचा ताजा ओरखडा होता.

साऱ्या नागपुरात त्या रंगाची आणि त्या रुंदीची वस्तू एकच होती: देवाजींचा बंब.

देवाजी एके काळी लग्नाच्या बँडचे मालक होते. बँड बंद केल्यावर माणसं घर बांधतात, तीर्थयात्रा करतात. देवाजींनी एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या लिलावात आगीचा बंब घेतला. आरटीओच्या साहेबांनी भोंगा आणि दिवा काढायला लावला, तांबडा रंग बदलायला लावला. देवाजींनी हळदीचा रंग दिला, पाइप ठेवायच्या मागच्या कप्प्यात गादी घातली, शिडीवर कपडे वाळत घालायची सोय केली आणि घरच्यांना घेऊन रामटेक, पचमढी, चिखलदरा सुरू केलं. चिखलदऱ्याच्या घाटात या बंबाला पाहून एक वाघ रस्त्याच्या कडेला सरकून बसला आणि त्यानं पंजा वर केला, असं देवाजी सांगत. पारडीत यावर कुणी विश्वास ठेवत नसे, पण वाघानं कोणता पंजा वर केला हे सगळे विचारत.

म्हणूनच, कामिनीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि देवाजी म्हणाले, "बाई, देवाशपथ सांगतो, माहा बंब काल शेडमधून हलला नाही," तेव्हा त्यांनी ते ऐकून घेतलं नाही.

"भाऊ, तुमी काल साक्षगंधाले भंडाऱ्याले होते. तुमाले काय माहीत? पंप चालवता येते का तुमाले?"

बंब देवाजींना चालवता येत होता. पंप नाही.

"प्रशिकले येते. शनिवारी तो माह्या बायकांसमोर बोलला, ही मिरची भिवापुरी दिसत नाही म्हणे. मी त्याले हाकलून देल्लं. आन रविवारी हे असं." कामिनीबाईंचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "मी काही आरडाओरडा करत नाही. संध्याकाळपर्यंत तुमी सांगा कोणी केलं ते. नाही तर ठाण्यात जाऊन प्रशिकचं नाव लिहून देतो."

प्रशिक म्हणजे समोरच्या गल्लीतला पोरगा. देवाजींचा बंब बहुतेक वेळा तोच चालवायचा. अग्निशमनाचा कोर्स करून आला होता, भरतीत निवडही झाली होती, आता फक्त पोलिसांची पडताळणी बाकी होती. त्या पडताळणीच्या तोंडावर ठाण्यात नाव गेलं तर काय होतं, हे देवाजींना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते तडक शेडकडे निघाले. दार उघडलं आणि जागीच थांबले.

बंब आत होता. पण त्याचं तोंड त्यांच्याकडे होतं.

२

"बाई, जरा इकडं ये वं," देवाजींनी बहिणीला हाक मारली.

सिंधूताई देवाजींपेक्षा मोठ्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांचा जन्म गेला. परक्यांचे फोन जोडून देता देता माणूस खरं बोलताना कसा घाई करतो आणि खोटं बोलताना कसा आधी दम खातो, हे त्यांच्या कानाला पक्कं बसलं होतं. घरात त्यांच्यासमोर चहा किती झाला हेसुद्धा कुणी लपवत नसे.

त्यांनी पदर खोचला आणि बंबाभोवती एक फेरी मारली.

"काय झालं?"

"मी बंब नाकासमोर आत घालतो. एवढं धूड मांगं मांगं करत कोण नेते? प्रशिकलेबी मी तसंच लावाले सांगतो. आन आता पाह्य, तोंड बाहेर."

"आन हे पाणी?"

मागच्या कप्प्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. देवाजींनी दार उघडलं. गादी भिजून म्हशीसारखी फुगली होती. त्यांनी टाकीवर मूठ आपटली. रिकामी टाकी ढोलासारखी वाजते, आज ती दगडासारखी वाजली. काठोकाठ भरली होती.

"कोणत्या येड्यानं भरली?" देवाजी म्हणाले. "टाकीचा वरचा सांधा फाटला आहे ना. अर्ध्याच्या वर पाणी गेलं का गादीवर उतरते. रामटेकले आपला पियूष झोपला होता अन् सकाळी गारठून उठला, माहीत आहे ना तुले? तवापासून आपण टाकी भरतच नाही."

"प्रशिकले माहीत आहे?"

"त्यानंच तर गादी पिळली होती."

सिंधूताईंनी मान हलवली आणि कप्प्यातला पाइप खाली ओढला. गच्च गुंडाळलेला होता. देवाजी पाइप गुंडाळायचे तो कोपरावर दोरी गुंडाळतात तसा, लोंबत्या वेटोळ्यांचा. हा मात्र मधोमध दुमडून, दुमडीपासून गोल करत आणलेला, पितळी तोंडं दोन्ही बाहेर. जिलबीवाल्यालाही असा गोल जमला नसता.

"त्याले बोलाव," सिंधूताई म्हणाल्या.

प्रशिक आला. नेहमी मान वर करून बोलणारं पोरगं जमिनीकडे पाहत उभं राहिलं.

"काल आमी नसताना कुठं होता गा?"

"होतो बाहेर, आत्याबाई."

"बाहेर म्हंजे?"

"सांगता येत नाही."

"काकानं इचारलं तर?"

"काकाले तर अजिबातच नाही," प्रशिक म्हणाला. "काका चांगले आहेत, पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. बंब मी नेला नाही, एवढंच सांगतो."

देवाजींना हे लागलं, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

पोरगं गेल्यावर सिंधूताई म्हणाल्या, "सांगता येत नाही म्हणताना त्यानं दम नाही खाल्ला. खरं बोलून राहिला तो. पण खरं बोलणाऱ्याले वाचवणं खोटं बोलणाऱ्याले पकडण्याहून अवघड असते, देवा."

३

समोरच्या प्रेमिलाबाई गच्चीवर कुरोड्या वाळत घालत होत्या. काल दुपारीही त्या तिथेच होत्या.

"पाह्यला ना," त्या कठड्यावरून म्हणाल्या. "बंब गेला, अन् बऱ्याच वेळानं परत आला. चालवणाऱ्याच्या तोंडाले दुपट्टा. मी म्हटलं, प्रशिकच असन."

"तोंड दिसलं?"

"ह्या उन्हात कोणाचं तोंड दिसते वं? माह्या नवऱ्यालेबी मी चपलेवरून ओळखतो. पण आला तो मोठ्या ऐटीत. मांगं मांगं करत एका दमात आत घातला. देवाजीभाऊले जमत नाही तसं."

"एवढा आवाज झाला, तर घरात पियूष होता," सिंधूताई म्हणाल्या.

पियूष देवाजींचा मुलगा. त्याची मोटार बंबामुळे वर्षभर रस्त्यावर उभी राहत होती. एक दिवस या बंबाचं काही तरी करून टाकीन, असं तो शनिवारीच जेवताना म्हणाला होता. भंडाऱ्याच्या त्या साखरपुड्याला न जाता, पोट बिघडल्याचं सांगून तो घरी राहिला होता.

"मी कूलर लावून झोपलो होतो, आत्या," तो म्हणाला. "त्या कूलरच्या आवाजात विमान उतरलं तरी कळत नाही. आन मले बंबाचा बदला घ्यायचा असता तर भंगारवाल्याले फोन केला असता. दुसऱ्याच्या मिरचीवर काहून काढू? अन् बिना चावीचा असला तरी मले त्याचा गिअर पडत नाही."

बंबाला चावी नव्हतीच. आग लागल्यावर चावी शोधत कोण बसणार, म्हणून गिरणीवाल्यांनी नुसतं बटण ठेवलं होतं. शेडलाही कुलूप नव्हतं. एवढा मोठा पिवळा बंब चोरून लपवणार कुठं, असा देवाजींचा हिशेब.

तिथून दोघं सातऱ्यावर गेली. सिंधूताईंनी बंबातला तो पाइप सोबत आणायला लावला होता. तो त्यांनी विहिरीजवळ सोडून मोकळा पसरला. "अंगण धुवाले लागन," एवढंच म्हणाल्या.

कामिनीबाईंचे मोठे भाऊ मुकुंदराव खाटेवर बसले होते. नोकरीत असताना खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत राहायचे. निवृत्त झाल्यापासून बहिणीचा व्यवहार तेच पाहत. गावोगाव फिरून माल आणायचा तोही त्यांनीच. माणूस गोड बोलणारा. त्यांनी लगेच खुर्ची दिली, पाणी दिलं.

"फार वाईट झालं, सिंधूताई. उद्या मसाल्याच्या कंपनीचा माणूस येणार होता सॅम्पल न्यायले. मोठी ऑर्डर होती."

"सॅम्पल कशाले?"

मुकुंदरावांनी आधी दम खाल्ला. "असंच. तपासतात म्हणे."

"काल दुपारी इथं कोणी नव्हतं?"

"कामिनी भिवापूरले गेली होती. बायकांले सुट्टी. मी घरी पेपर वाचत होतो."

बोलता बोलता ते उठले. पायाखाली पाइप वेडावाकडा पडलेला त्यांना बघवत नव्हता. गप्पा सुरूच, आणि हात आपोआप पाइपाला. मधोमध दुमडला, झटका देऊन सरळ केला आणि दुमडीपासून गोल गोल आणत भिंतीशी नेऊन ठेवला. पितळी तोंडं बाहेर. देवाजींना वाटलं, माणूस किती टापटीप आहे. त्यांच्याही तोंडातून तसं निघालं.

"हो, फार टापटीप," सिंधूताई म्हणाल्या.

जाताना कामिनीबाईंची सून मिनल विहिरीच्या आडोशाला वाट पाहत उभी होती. तिनं इकडे तिकडे पाहिलं.

"आत्याबाई, प्रशिक काल माह्या संगं होता. तो मले गाडी शिकवून राहिला, कळमन्याच्या रिकाम्या मैदानात. यांना माहीत आहे, पण सासूबाई नको म्हणतात. आता मी बोलली तर लोक गाडीचं नाही बोलणार, दुसरंच बोलतील. आन नाही बोलली तर त्याची नोकरी जाते. तुमी म्हणान तर बोलतो मी."

"थांब," सिंधूताई म्हणाल्या. "तुले बोलावं लागलं तर माह्या कानाचा काय उपयोग?"

४

घरी आल्यावर सिंधूताईंनी दोन काचेचे ग्लास घेतले, पाणी भरलं. एका ग्लासात घरच्या डब्यातल्या मिरच्या टाकल्या. दुसऱ्यात सातऱ्यावरून ओटीत आणलेल्या, ढिगाच्या मध्यातल्या, कोरड्या राहिलेल्या मिरच्या. मग त्या निवांत बसल्या.

"हे काय करून राहिली? तिकडं सूर्य कलला," देवाजी म्हणाले.

"शेळीचे पाय पाह्यले?"

"मिरचीच्या पाण्यात गेली, लाल झाले. मिरचीचं पाणी लाल नाही तर काय निळं होईन?"

"तू सावजीचा रस्सा खातो ना? तर्री कुठं राहते?"

"वर."

"वर काहून?"

"तेल वर येते म्हणून."

"आन रंग? तो तेलासंगं काहून जाते? खाली पाण्यात काहून नाही राहत?"

देवाजींनी आयुष्यात ढीगभर तर्री खाल्ली होती, पण तिच्यावर असा विचार कधी केला नव्हता. त्यांनी ग्लासांकडे पाहिलं. घरच्या मिरच्यांचं पाणी जवळजवळ होतं तसंच होतं. दुसऱ्या ग्लासात मिरच्यांभोवती गुलाबी धागे सुटायला लागले होते, आणि पाहता पाहता अख्खा ग्लास सरबतासारखा झाला.

"अस्सल मिरचीचा रंग पाण्यात असा सुटत नाही," सिंधूताई म्हणाल्या. "वरून लावलेला सुटते. प्रशिक शनिवारी खरं बोलला होता. ही भिवापुरी नाही. कुठली तरी स्वस्त मिरची रंगवून आणली आहे."

"म्हंजे कामिनीबाई..."

"तिले माहीत असतं तर ती ठाण्यात जायची भाषा करती का? पोलिसांनी पंचनामा केला का पहिले मिरचीच उचलतील." त्या उठल्या. "चाल. प्रशिकले अन् पियूषले घे. ग्लास तूच धर, सांडू नको. अन् रस्त्यात वाघ भेटला तरी थांबू नको."

५

कामिनीबाई ठाण्यात जायला निघाल्याच होत्या. मुकुंदराव त्यांच्यासोबत जाणार होते. बायका ढिगाभोवती बसून जे वाचेल ते निवडत होत्या.

"सापडला का माणूस?" कामिनीबाईंनी विचारलं.

"बसा," सिंधूताई म्हणाल्या. "मी जुळवलं ते सांगतो. चुकलं तर खुशाल जा. ज्यानं बंब नेला त्याले पंप चालवता येते. म्हंजे देवा गेला, पियूषबी गेला. राहिला प्रशिक. बरोबर?"

"मी सकाळपासून तेच सांगून राहिली."

"पण त्यानं बंब परत ठेवताना टाकी काठोकाठ भरून ठेवली. का? चोरी करून आलेल्या माणसानं पाणी कशाले भरावं? अन् तोंड बाहेर करून का लावावा? प्रशिक, तुमच्या कोर्समधे काय शिकवतात?"

"कामगिरीवरून आलं का पहिले टाकी भरायची," प्रशिक म्हणाला. "बंब रिकामा उभा करायचा नाही. तोंड नेहमी रस्त्याकडे."

"मंग झालंच की," मुकुंदराव म्हणाले. "त्यानं सोताच कबूल केलं."

"थांबा, मुकुंदराव. त्या टाकीचा सांधा फाटला आहे. भरली का गादी भिजते. आमच्या घरात हे लहानथोर साऱ्याले माहीत आहे, प्रशिकले सगळ्यात जास्त, कारण गादी तोच पिळते. सवय त्याच्याबी हातात असन, पण तो टाकी भरणार नाही. टाकी अशा माणसानं भरली ज्याच्या हातात आगवाल्याची सवय आहे, पण जो आमच्या बंबात पहिल्यांदा बसला. त्याच्या डोक्यानं सारं बरोबर केलं. पिवळा बंब निवडला, तोंड बांधलं, खांबाले घासून ओरखडाबी ठेवला. पण परत आल्यावर काम संपलं असं डोक्याले वाटलं, अन् मंग हातानं आपलं काम केलं. टाकी भरली, पाइप दुमडून गोल गुंडाळला."

अंगणात देठं खुडायचा आवाजही थांबला होता. सिंधूताई कामिनीबाईंकडे वळल्या.

"कामिनीबाई, तुमचे दादा नोकरीत कोणत्या खात्यात होते वं?"

कामिनीबाईंची नजर भिंतीशी ठेवलेल्या पाइपाच्या गोल गुंडाळीवर गेली, मग भावाच्या हातांवर.

"फायरले," त्या म्हणाल्या.

देवाजींनी ग्लास पुढे केला. गुलाबी पाणी उन्हात चमकत होतं. सिंधूताईंनी तर्रीचं सांगितलं तेव्हा बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. रोज रात्री धुऊनही बोटं लालच का राहतात, हे त्यांना आज कळत होतं.

"उद्या सॅम्पल जाणार होतं," सिंधूताई म्हणाल्या. "भिजून सडलेल्या मिरचीचं सॅम्पल कोण घेते?"

मुकुंदराव खाटेवर बसले. दम खाल्ला नाही, सरळ बोलले.

"अशी भिवापुरी आता मागाल तेवढी भेटते कुठं? लोकांले नाव पाह्यजे. मी नाव राखलं. अन् लॅबात रंग निघाला असता तर तुह्यंच नाव गेलं असतं, कामिनी. आता निस्ता माल गेला. मी तुले वाचवलं."

"आन ह्या पोराले?"

"त्याले काय, जवान आहे. दुसरं काम भेटलं असतं."

प्रशिक एक पाऊल मागे सरला, भट्टीजवळून माणूस सरतो तसा.

या भावानंच कामिनीबाईंना नवरा गेल्यावर धीर दिला होता, पहिली पोती यानंच पाठीवर वाहिली होती, हे पारडीत सगळ्यांना ठाऊक होतं. देवाजींना वाटलं, आता मिटवतील. घरातली गोष्ट, सगळे मिटवतात. त्यांनी मिटवायचं म्हणून तोंड उघडलंसुद्धा, पण सिंधूताईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"बायांनो, हात धुवा," कामिनीबाई म्हणाल्या. "ह्या ढिगाले कोणी शिवू नका. यातली एक मिरची कोणाच्या जेवणात जाणार नाही." मग भावाकडे वळल्या. "दादा, चप्पल घाल. पायी जाऊ. सकाळपासून मी पारडीभर एक नाव घेत फिरली. आता दुसरं घेतो आहे, तर तेबी साऱ्याले दिसलं पाह्यजे."

भाऊ-बहीण उन्हातून ठाण्याकडे निघाले. मुकुंदराव पुढे, कामिनीबाई मागे.

६

पडताळणीचा हवालदार आला तेव्हा उन्हाळा संपत आला होता. देवाजींनी त्याला बसवला, चहा दिला आणि प्रशिकचं असं काही अफाट कौतुक सांगायला सुरुवात केली की हवालदारानं पेन बंद करून खिशात ठेवलं. शेवटी तो म्हणाला, "शेजारच्या आणखी कुणाची साक्ष लागेल."

देवाजी जरा घुटमळले, मग त्याला घेऊन निघाले. कामिनीबाई सातऱ्याच्या फाटकाशीच उभ्या होत्या. अंगण रिकामं होतं. त्या हंगामात त्यांनी दुसरी मिरची आणली नव्हती.

"प्रशिकला ओळखता?" हवालदारानं विचारलं.

"ओळखतो."

"त्याच्यावर कधी काही आरोप वगैरे झाला?"

देवाजींच्या तोंडात "छे छे" तयार होतं.

"झाला होता," कामिनीबाई म्हणाल्या. "मीच केला होता. खोटा होता. साऱ्या गावासमोर केला होता, म्हणून साऱ्या गावासमोर सांगतो. लिहा. माहं नावबी लिहा."

हवालदारानं खिशातून पेन परत काढलं.